पेरभर मलम

दवाखान्यात नंबर पुकारणारी नर्स कागद लावत होती, पण कान समोरच्या बाकावरच्या सासू-सुनेकडे होते.

"आई, छकुलीच्या इसबाचं मलम इतक्यात संपलं कसं? डॉक्टरांनी रोज बोटाच्या पेरभर सांगितलं, मी भीत भीत अर्धं पेरच लावते."

"अर्धंच? का गं?"

"स्टेरॉइड आहे म्हणून तुम्हीच घर डोक्यावर घेतलं होतं ना!"

"घेतलं होतं खरं. पण पोर खाजवून रडायची, मला बघवेना. तू कामावर गेलीस की मीही लावायचे."

"किती?"

"अर्धं पेर. भीती मलाही होतीच की!"

नर्सने हसू दाबत नंबर पुकारला. सून छकुलीला घेऊन उठली.

"चला. डॉक्टर विचारतील, कातडी एवढी छान कशी झाली. काय सांगू?"

"सांग, तुम्ही सांगितलंत तेवढंच लावलं."