आम्ही उचललं म्हणून...

आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर 'आम्ही उचललं म्हणून वाचलास!' म्हणजे आता मी यांचे आभार मानायचे. मानतोही. रोज कामावरचं कोणीतरी भेटायला येतं, स्टूल ओढतं, माझ्या गुडघ्यावर थाप मारतं, जी मला कळतसुद्धा नाही, आणि सुरू... 'बरं झालं रे, आम्ही तिथेच होतो!' अहो, तुम्ही तिथे नसता तर मी आज कदाचित माझ्या पायावर उभा असतो! पण हे बोलायचं नाही. आलेल्या माणसाला असं बोलत नाहीत म्हणून आमची ही स्वयंपाकघरातून डोळे वटारते.

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा काय, तर लोकांची बिऱ्हाडं हलवायची. एका घरातलं सामान टेम्पोत भरायचं, दुसऱ्या घरात नेऊन लावायचं. आणि उचलण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही, बरं का. फ्रीज असला की आमचा मुकादम जिन्यातून ओरडणार, 'उभाच न्या रे, आडवा केलात तर याद राखा!' आरसा असला की चादरीत गुंडाळून, वर उशी बांधून, बाळंतिणीला आणावं तसा. एकदा एका आजीबाईंचं भिंतीवरचं घड्याळ होतं, तर लंबक काढून वेगळा बांधल्याशिवाय मुकादमाने कोणाला हात लावू दिला नाही. आणि ते घड्याळ बंद होतं हो! बंद पडलेल्या घड्याळाची एवढी बडदास्त...

आणि मी पडलो. टेम्पोवर चढून दोरी आवळत होतो, दोरी तुटली, मी उलटा खाली, पाठ बरोबर फुटपाथच्या कडेवर. पण शुद्धीत होतो, पूर्ण शुद्धीत. आणि एक गोष्ट मला अजून लख्ख आठवते. सकाळपासून डाव्या बुटात एक खडा गेला होता, काढू काढू म्हणता राहिला होता, तो टोचत होता. मी उताणा पडलोय, वर आभाळ दिसतंय, आणि पायाला खडा टोचतोय. म्हणजे पाय माझाच होता ना हो तेव्हा?

तेवढ्यात धावले सगळे. काय ते प्रेम! लांबू, म्हणजे आमच्यातला ताडमाड, तो म्हणतो, 'काही नाही झालेलं, ऊठ, लहान पोर आहेस का?' मी म्हणतोय, 'थांबा, हलवू नका, पाठीत काहीतरी झालंय,' पण ऐकतो कोण? ज्या माणसांनी जन्मभर एकच केलं, दिसलं की उचललं, त्यांच्यासमोर मी आडवा! हात शिवशिवणारच. मुकादम म्हणाला, 'घ्या रे!' एकाने काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, 'एक, दोन... हां!' आणि मी मधोमध दुमडलो, घडीची खाट मिटतात तसा. पाठीतून एक सणक गेली, डोळ्यांपुढे पांढरं झालं... आणि खडा टोचायचा थांबला.

तेव्हापासून काही टोचलेलं नाही.

बरं, दुमडलं ते दुमडलं, निजवाल तरी? मागे टेम्पोत गादी होती, नवी कोरी! पण ती गिऱ्हाइकाची, मळेल. म्हणून मला पुढे, ड्रायव्हरशेजारी, बसवलं. बसवलं! मान लटपटू नये म्हणून लांबूने माझे दोन्ही गाल धरलेले, आणि मागे फ्रीज मात्र ऐटीत उभा. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'यांना हलवलं कोणी?' तर सगळ्यांनी छाती पुढे काढली. 'आम्ही!'

नंतर एकदा बाई एकट्या आल्या, तेव्हा मी खड्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, 'अशा माणसाला आहे तिथेच, सरळ राहू द्यायचं असतं. पण मज्जारज्जूला पडल्याने किती मार लागला आणि उचलल्याने किती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.' झालं! म्हणजे रागवायलासुद्धा पुरावा नाही. मी रागावतोच. ही म्हणते, 'अहो, त्यांनी जीव लावून केलं.' जीव लावून केलं हीच तर बोंब आहे! जरा कमी जीव लावला असता तर घाबरून लांब उभे राहिले असते, आणि मी वाचलो असतो.

मग मी एक भाषण तयार केलं. पडल्या पडल्या दुसरं काय करणार? असं भाषण, की एकेकाची मान खाली गेली पाहिजे. रोज घोकायचो, रोज एखादा शब्द अजून जहाल करायचो. फक्त संधी हवी होती.

तर आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. व्यायामासाठी मला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चाकाच्या खुर्चीसकट जिन्यावरून उतरवायचं. कोण उतरवणार? हेच! सुट्टी टाकून येतात, चहासुद्धा घाईत पितात. परवा असेच निघालो. मुकादम खालच्या बाजूला, उलटा उतरतोय, लांबू वर, माझ्या पाठीशी, बाकीचे दोघे कडेला. जिन्याच्या ऐन मध्यावर मुकादम थांबला. घामाने डबडबलेला. माझ्याकडे न बघता म्हणतो, 'खरं सांग... तेव्हा आमचं काही चुकलं का रे? लांबूला हल्ली झोप लागत नाही.'

आली ना संधी? भाषण जिभेवर! आणि मी बघतो तर खाली पायऱ्याच पायऱ्या, मी अधांतरी, आणि मागे लांबूचे हात थरथरतायत, ते खुर्चीतून मला कळतंय. अंगाची लाही लाही होत होती हो माझ्या. रडू येत होतं, तेही रागानेच.

म्हटलं, 'नाही रे. तुम्ही उचललं म्हणून वाचलो. तू पायरी बघ.'

आता तुम्ही म्हणाल, मग खाली टेकल्यावर सांगायचं होतं! कसं सांगू? परत वरही यांनीच न्यायचं असतं ना...