बंद दाराच्या अलीकडे

पद्मिनी : उभ्याउभ्या कसले आभार मानतोस, निमिष? बस आधी. शंकरपाळे ठेव तिथे टेबलावर. केया कशी आहे?

निमिष : काल पहिल्यांदा नीट झोपली. तोवर आईचा हात सोडत नव्हती. आधीचं हर्नडन गाव सोडून इथे ओहायोत आलो, ते इथली शाळा शांत आहे म्हणून. ताई, शाळेची ईमेल एवढीच होती, की एका मुलाच्या बॅगेत गन मिळाली, लॉकडाऊन करून सगळे वर्ग आतून बंद केले, पोलिसांनी त्याला पार्किंगमध्ये धरलं, सगळे सेफ. केया वर्गाबाहेर अडकली होती हे आम्हाला रात्री तिच्याकडूनच कळलं.

पद्मिनी : बाथरूमला गेली होती. अनाउन्समेंट झाली तशी मी वर्गाचं दार लॉक केलं, दिवे घालवले, मुलांना कोपऱ्यात बसवलं. मग लक्षात आलं, केया नाहीये.

निमिष : आणि एकदा लॉक केलं की कुणासाठीही उघडायचं नाही.

पद्मिनी : हो, दर ड्रिलला मीच मुलांना सांगते ते. आत बाकीची पोरं होती रे, त्यांचीही जबाबदारी माझीच.

निमिष : तरी उघडलंत.

पद्मिनी : कुणीतरी धावत आलं आणि दार गदागदा हलवायला लागलं. बोलेना काही. मला वाटलं, आलाच तो. मग अगदी बारीक आवाजात ऐकू आलं, "मिसेस देव, प्लीज." पुढचं मला आठवत नाही. ती आत होती आणि मी तिला घट्ट धरलं होतं.

निमिष : ताई, एक सांगायचंय. उद्या स्कूल बोर्डाची मीटिंग आहे, टीचर्सना गन द्यायची का यावर. मी बोलायला नाव दिलंय. द्यावी, या बाजूने. तुमच्याजवळ काहीतरी असायला हवं होतं, असंच डोक्यात होतं.

पद्मिनी : पोरीच्या काळजीनेच दिलंस ना. आमच्या शाळेतल्या जिमच्या सरांचंही तेच म्हणणं आहे, ट्रेनिंगही घेतो म्हणतात. भला माणूस आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

निमिष : तुम्ही घेतली असती?

पद्मिनी : दार हलत होतं तेव्हा बाहेर तोच आहे, असं मला पक्कं वाटत होतं. माझ्या हातात गन असती तर मी ती दारावर रोखली असती. आणि खरं सांगू? तिचा आवाज यायच्या आधीच चालवलीही असती.

(निमिष उठून खिडकीशी जातो.)

पद्मिनी : तुला घाबरवायला नाही सांगितलं. रोज सकाळी उठले की मनात येतं, बरं झालं, माझे हात रिकामे होते.

निमिष : मी उद्या जाईन, ताई. पण आता ते बोलणं होणार नाही माझ्याच्याने. सगळ्यांसमोर तुमचे आभार मानेन.

पद्मिनी : माझं नाव नको घेऊस. नियम मोडलाय मी, नोकरीवर गदा येईल.

निमिष : मग काय सांगू? मला भाषण जमत नाही.

पद्मिनी : भाषण कशाला? दाराबाहेर माझी मुलगी होती, एवढं सांग.

निमिष : आणि आत्ता ती घरी आहे, हेही सांगेन.