सगळ्यात कमी बोलकं कोण?

—ते समदं खरं, निरंजनभाऊ, पर मला एवढंच सांगा, टीव्हीवर घरचं शूटिंग दावणाऱ्या ह्या तीन सॉफ्टवेअरांत सगळ्यात कमी बोलकं कोण? हसू नका. तुमी दुकानातनं आलात, तुमाला हे रोजचं हाय, पर मी बी आठ दिस यूट्यूबवर ह्योच अभ्यास केलाय—हा बबनराव नुसता जमीन देऊन बसलेला म्हातारा न्हाई! प्लेक्स घ्यावं, तर आधी नेटवर खातं उघडा, नाव-गाव द्या—म्हंजी आपल्याच घरात शिरायला बाहेरच्या वॉचमनला इचारा. बाद. जेलीफिन फुकट, समदं घरातल्या घरात, ते झाक—पर कुणी काय बघितलं, कुठवर बघितलं, समदं ध्यानात ठेवतंय म्हणं. आन् कोडी म्हंजी तर नुसता प्लेअर, हरेक टीव्हीवर येगळा टाकत बसा. बरोबर का? बघा, मान डोलावली. मंग आता मला असं सांगा, की बघितलेलं कुणाला सांगत न्हाई आन् मागितलेलं समदंच दावत न्हाई, असं ह्यात कंचं?

दाखवायचं न्हाई तर बसवायचं कशाला—असं तोंड करू नका. ह्यो डिस्कचा डबा मी कुठं मागितला? जावयानं धाडला. साधनानं, माझ्या लेकीनं, घरातल्या जुन्या कॅसेटी चिंचवडला नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या—बारशी, गाडाशर्यती, जत्रा, तिचं सोताचं लगीन—आन् समदं ह्या डब्यात भरून दिलं. म्हणली, आप्पा, रविवारी भावकी जेवायला येतीय, माझं लगीन मोठ्या टीव्हीवर लावायचं, पयल्यापासनं. लावायचं तर लाव की बाई! बापाला आनंदच हाय. फक्त पाच मिनिटं. त्या लग्नातली पाच मिनिटं तेवढी दिसाया नगंत. बाकीचे तीन तास बघा, टाळ्या वाजवा, मी कुठं न्हाई म्हणतोय?

कापता येत्यात? ते मला बी ठाव हाय. पर कापायचं न्हाई. त्या पाच मिनिटांत आमची आई हाय—चिमाबाई. खुर्चीत बसलीय, मांडीवर पानाची पिशवी, आन् तोंडानं काय तरी म्हणतीय, बँडमुळं ऐकू येत न्हाई. लग्नानंतर दोन म्हैन्यांत गेली. तिचं दुसरं हालतं-बोलतं चित्र आमच्या घरात न्हाई, भाऊ. तुमच्या आईचं असतं तर तुमच्यानं कापवलं असतं? मंग! म्हणून म्हणतो, कुलूप लावा. बारक्या पोरांसाठी असतंय म्हणं त्यात—हे बघ, ते बघू नगंस. तसं मोठ्या माणसाला लावता येतंय का? एकाच माणसाला? नाव घालायचं असंल तर घाला की—अर्जुन.

आता कोण अर्जुन म्हणून इचारू नका.

...माझा धाकटा भाऊ. साधनानं रविवारी त्याला बी बोलावलंय. ह्याच बिल्डिंगीत, खालच्या मजल्यावर. शेत बिल्डरला दिलं तवा दोघांनी मिळून ही बांधली, खालचा मजला त्याचा, वरचा माझा—आन् बारा वर्सं झाली, आमी बोलत न्हाई. बारा! त्यो गॅलरीत आला की मी आत. मी पार्किंगमधी दिसलो की त्यो गाडीखाली काय तरी हुडकाया लागतो. अख्ख्या पिंपळे सौदागरला ठाव हाय, तुमी लातूरकडचे म्हणून तुमाला न्हाई. कशावरनं? फेट्यावरनं. हसा, हसा. समदे हसत्यात. तुमच्याकडं कसं असतंय कुणास ठाव, पर आमच्यात नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं भर मांडवात माइकवर नाव पुकारत्यात आन् मानाचा फेटा बांधत्यात. त्यो चुकला की माणूस जलमभर इसरत न्हाई. अर्जुन म्हणतो, माझं नाव पुकारलंच न्हाई. मी म्हणतो, दोनदा पुकारलं, तूच बाहेर गाडामालकांत तंबाखू मळत उभा! बारा वर्सं मी हेच सांगितलं—भावकीत सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं, देवळाच्या पायरीला हात लावून सांगितलं. आन् खरं सांगू का? इतक्यांदा सांगितलं, इतक्यांदा सांगितलं, की मला सोताला बी तसंच दिसाया लागलं—त्यो बाहेर उभा, मी घसा ताणून पुकारतोय.

मंग परवा दुपारी आमची कारभारीण गोजाबाई भजनाला गेली, आन् मी डबा वायरनं टीव्हीला जोडून ते शूटिंग एकटाच लावून बसलो. आवाज बारीक करून—म्हणलं, खालपतूर जायला नगं. एक तास चौदा मिनिटांवर काय दिसावं? फेटे आणलेले अकरा, मोजून. आन् ऐन टायमाला एक नगरसेवक हजर, आवतण न्हाई की काय न्हाई. मी यादी हातात धरून हिकडं बघतोय, तिकडं बघतोय—आन् अर्जुनचा फेटा उचलला, आन् बांधला त्याच्या डोक्याला! अर्जुन काय घरचाच, त्याला मागनं बांधू, असं म्हणलो असंन मनात. आठवत न्हाई. आईच्यान आठवत न्हाई. पर अर्जुन बाहेर नव्हता, निरंजनभाऊ. माझ्या मागंच उभा होता. टोपी काढून बगलंत धरलेली, मान फुडं वाकवलेली—फेटा बांधून घ्यायला. मी फुडं निघून गेलो, तरी त्यो वाकलेलाच. लई येळ. मंग आईनं हात हालवून त्याला जवळ बोलावलं, ती जे काय तरी म्हणतीय, ते त्यालाच.

लाज वाटली. घरात कोण नव्हतं, तरी लाज वाटली मला.

कबूल करा म्हणता? वा रे वा! रविवारी ताटं वाढलेली, समदी भावकी बसलीय, आन् मी उठून म्हणू, मंडळी, बबनराव बारा वर्सं थापा मारत होता? त्यापरीस सुरी आणा आन् नाक कापा की माझं. न्हाई भाऊ, तुमी आपलं कुलूपच लावा. आसंल तर साधनाला सांगू, लाइट गेली. न्हाईतर सांगू, डिस्क अडकती—अडकती का हो? न्हाई अडकत? तुमी अडकवा की! एवढं शिकलात कशासाठी? घ्या, भजी घ्या.

काय बघताय हो त्या लॅपटॉपात मघाधरनं? काय चालू राह्यलंय? डब्यातलं आयतं सर्व्हर—सकाळी टेस्टिंगला लावलंत—बरं, मंग? त्याला पासवर्ड लागत न्हाई? आन् वायफायवर जेवढे टीव्ही, तेवढ्यांना आपसूक दिसतंय? दिसू द्या की! आमच्या घरात टीव्ही एकच, आन् त्यो ह्यो, बंद करून ठिवलाय तुमच्या समोर. —दोन? दुसरा कंचा? नाव आसंल ना त्याला काय तरी, वाचा.

...पुन्हा वाचा.

अर्जुनराव हॉल. अर्जुनचा टीव्ही आमच्या वायफायवर काय करतोय? —उलटं? उलटं म्हंजी? वायफाय त्याचं, आन् त्याच्यावर आमी? गोजे! ए गोजे, हिकडं ये आदी! आपलं नेट कुठनं येतंय गं? —कवापासनं? कोरोनापासनं? जावंकडनं पासवर्ड आणलास, आन् मला चकार शब्द न्हाई? मला वाटलं, दोघी गच्चीवर कपडे वाळत घालताय—जा, जा आत, तुला मागनं बघतो. ऐकलंत का भाऊ? मी गावभर सांगत फिरतो, अर्जुनच्या घरचं पाणी बी घेत न्हाई, आन् माझा यूट्यूबचा समदा अभ्यास त्याच्याच नेटवर!

थांबा—बंद करू नका. हात लावू नका. आदी बघा, त्यो लावून काय बसलाय. —लगीन. व्हय, लगीनच आसणार. कुठवर आलाय?

एक तास चौदा.

थांबवलंय त्यानं? —मागं घेतलं. परत लावलं. —परत थांबवलं.

...न्हाई, कुलूप नगं. प्लेक्स टाका, जेलीफिन टाका, कंचं बी टाका, माझं काय म्हणणं न्हाई. पर आज नगं, उद्या या. व्हय, उठा. आत्ताच उठा. चालू राहू द्या ते, जसं हाय तसं. आन् निरंजनभाऊ, जिन्यानं नका जाऊ. लिफ्टनं जावा. आता मी खाली उतरतोय, जिन्यात मला कुणी भेटाया नगं.