चौथा डाउन

(जर्मनीतलं एर्लांगेन. शनिवारची संध्याकाळ. लॅपटॉपवर अमेरिकेतल्या एका कॉलेजची फुटबॉल मॅच. समोर कौमुदी आणि तिचा नवरा सुधीर.)

कौमुदी : अहो, चार संधी. किती वेळा सांगू? एका संधीला डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला, की परत नव्याने चार.

सुधीर : आणि नाही नेला तर?

कौमुदी : तर बॉल समोरच्यांना, असेल तिथेच. म्हणून चौथ्या वेळी सहसा कोणी धोका घेत नाही. लाथ मारून बॉल लांब घालवतात, म्हणजे समोरच्यांना पार मागून सुरुवात करावी लागते. त्याला पंट म्हणतात. तो मारायचं काम आपल्या निहारचं.

सुधीर : म्हणजे बाकीचे नापास झाले, की आपल्या चिरंजीवांना आत बोलावतात.

कौमुदी : तसं म्हणायचं असेल तर म्हणा.

सुधीर : आखनच्या युनिव्हर्सिटीतली इंजिनिअरिंगची सीट सोडून हे.

कौमुदी : झालं सुरू. ऑगस्टपासून हेच ऐकतेय. इथे गोलकीपर होता, लाथ चांगली बसते म्हणून त्यांनी बोलावलं, स्कॉलरशिप दिली. गेला पोरगा. आज त्याची पहिली मॅच आहे, संपली की फोन करेल. आज तरी त्याच्याशी बोला. आधी दर वेळी विचारायचा, बाबा आहे का म्हणून. गेल्या रविवारी तुमचं नावसुद्धा काढलं नाही त्याने.

सुधीर : ते घड्याळ का थांबलं?

कौमुदी : विषय बदलू नका.

सुधीर : अगं, खरंच थांबलंय.

कौमुदी : पास पकडता आला नाही, बॉल खाली पडला. मग थांबतं.

सुधीर : पंधरा मिनिटांचा एक भाग, तो तासभर चाललाय. असं प्लॅनिंग मी केलं असतं तर आमच्या जर्मन बॉसने मला घरी बसवलं असतं.

कौमुदी : आत्ता घरीच बसलाय ना, तर गप्प बसा. चौथा डाउन. आला बघा, तो सगळ्यात मागचा.

सुधीर : हा? केवढे खांदे झालेत त्याचे.

कौमुदी : पॅड आहेत ते.

सुधीर : हं. पाय बघ, वाळलेत नुसते. जेवतो की नाही कोण जाणे.

कौमुदी : विचारा ना मग त्यालाच.

सुधीर : अरे, किती खाली टाकला बॉल मागे, आपल्याच त्या गाढवाने. निहारने अडवला. छान अडवला. शिट्टी का वाजली? मारू द्या की त्याला.

कौमुदी : गेलं. गुडघा टेकला त्याचा.

सुधीर : मग काय झालं? कोणी हात तरी लावला का?

कौमुदी : लावावा लागत नाही. तिकडच्या व्यावसायिक सामन्यांत कोणी हात लावला नसेल तर उठून पळता येतं. कॉलेजच्या नियमात गुडघा जमिनीला लागला, की खेळ तिथेच संपला. बॉल त्यांचा. तोही आपल्या अगदी दाराशी.

सुधीर : मघाशी एकजण चांगला गुडघ्यावर बसून बॉल धरत होता. त्याला नाही कोणी काही म्हणालं.

कौमुदी : तो किकसाठी धरणारा. त्याला सूट आहे.

सुधीर : हा काय नियम झाला?

कौमुदी : मी केलाय का नियम? माझ्यावर कशाला खेकसताय? निहारनेच शिकवला मला हा. इतका पाठ होता त्याला, मग टेकला कसा?

सुधीर : मला माहितेय कसा टेकला.

कौमुदी : तुम्हाला काय माहितेय?

सुधीर : क्रिकेट. बॉल खालून आला की गुडघा आडवा टाकायचा, काही झालं तरी मागे जाऊ द्यायचा नाही. मागच्या कुरणात शिकवायचो मी त्याला, ऑफिसातून आलो की रोज. शाळेतही जात नव्हता तेव्हा. आता तो विचार करत नाही, गुडघा आपोआप जातो खाली.

कौमुदी : टचडाउन झाला त्यांचा. सहा पॉइंट. आता वरचा एक मिळेल. मिनिटभरच उरलंय. हरलो आपण.

सुधीर : (मॅच संपल्यावर अर्ध्या तासाने) फोन वाजतोय तुझा.

कौमुदी : मी नाही उचलणार. घ्या.

निहार : (फोनवर) आई, बघितलंस ना? तर, कोच म्हणाला पुढच्या मॅचला दुसरा मुलगा. जानेवारीत परत ट्रायल घेईन म्हणतो, पण मला नाही वाटत. बाबाला यातलं काही सांगू नकोस प्लीज.

सुधीर : मीच आहे.

निहार : ओके. मग बोल. आखनचं बोलायचंय ना?

सुधीर : गुडघा टेकलास.

निहार : हो. माहितेय मला. तू मॅच बघितलीस?

सुधीर : ती सवय मी लावलीय तुला. मीच काढतो. ख्रिसमसला येतोयस ना? कुरणात जाऊ. मी मुद्दाम खाली टाकतो, तू गुडघा वर ठेवून उचलायचा.

निहार : बाबा, तो असा हाताने समोर नाही टाकत. वाकून, दोन पायांमधून मागे टाकायचा असतो.

सुधीर : टाकेन.

कौमुदी : कंबर धरून बसाल आठ दिवस.

सुधीर : तू थांब गं.

निहार : पण आपल्याकडे तो बॉल कुठे आहे? तो लांबट असतो, बाबा.

सुधीर : दिसला मला, लांबट आहे ते. शेजारच्या हेर्त्सोगेनआउराखला, खेळाच्या सामानाच्या त्या मोठ्या दुकानांत मिळेल का रे तो?