वाळूत थांबलेली मोटार

परळला ट्रामच्या रांगेत माझ्यापुढे एका शेटचा ड्रायव्हर जयवंत आपल्या दोस्ताला सांगत होता.

"वाळकेश्वरच्या उतारावर ब्रेकच लागेना, लवू. जुनी विलायती मोटार, पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं."

"आणि शेट?"

"मागे गाढ झोपलेला. हॉर्न दाबत गाडी चौपाटीच्या वाळूत घातली. होडीसारखी तरंगत गेली रे!"

"तिथे तर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती!"

"माणसं बाजूला झाली, टाळ्या वाजवत. त्यांना वाटलं, शेट आपल्यात आला. चाकं रुतून थांबलो, तर कुणी खिडकीतून त्याला हार घातला."

"मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्याला?"

"जागा झाला. हाराकडे बघितलं, मग समुद्राकडे."

"मग?"

"हळूच म्हणाला, 'जयवंत, घोषणा काय द्यायची असते रे?'"