हलणारे दात: नाही

नवऱ्याचं घड्याळ ओंजळीत धरून ती ऑपरेशन थिएटरबाहेर बसली होती. त्याचा नंबर नंतर होता. शेजारच्या बाकावर एक मुलगी आणि तिचे सुतारकाम करणारे काका बसले होते. मुलीचे वडील आत होते. दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“साधं हर्नियाचं तर ऑपरेशन आहे. घाम कसला पुसताय, काका?”

“भूल देताना घशात नळी घालतात का गं?”

“घालतात, श्वासासाठी. जबडा चांगला उघडावा लागतो म्हणे.”

“मग दातांचं विचारलं असेल.”

“विचारलं ना. कवळी आहे का, दात हलतात का. बाबा ठणकावून नाही म्हणाले. मी तसंच लिहून सही केली.”

“अरे देवा.”

“काय झालं?”

“निवृत्तीच्या समारंभात त्याचे फोटो काढायचे होते. पुढची फट दिसायला नको म्हणाला. मीच दुरुस्ती करून दिली.”

“दाताची दुरुस्ती? कशाने?”

“लाकूड चिकटवायच्या गमने. पक्कं बसलं होतं गं.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

“तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती त्याने.”

दार उघडलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातातल्या वाटीत एक दात होता.

“नळी घालताना हा निखळला, घशातून काढलाय. शेजारची जागाही रिकामी दिसतेय. तिथला दात आधीच पडलेला होता ना?”

मुलीने काकांकडे पाहिलं.

“सकाळपर्यंत दोन्ही होते, मॅडम,” काका म्हणाले. “दोन बसवले होते मी.”