दोन झेंडे आणि धोंड्याचा महिना

...नाही, पण मला सांगा, सासूने जावयाच्या विरोधात निकाल द्यायचा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? आणि दिला तर दिला, एकदाच दिला, स्वतःच्या डोळ्यांनी बघून दिला, तर त्यावरून चार आठवडे झाले, घरात येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतो आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारतो, "मग काकू, शनिवारचं काय?" जसं काही शनिवारी मीच चड्डी घालून मैदानात पळणार आहे!

थांबा, नीट सांगते. मी कराडची. बारावी झाले, लग्न झालं, पंचवीस वर्षं शिवणक्लास चालवला. मुलगी रुपाली इथे अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला असते, तिला बाळ झालं म्हणून सहा महिन्यांसाठी आले. बाळ गुणाचं आहे. जावई केदारराव, तेही गुणाचे. तेलकंपनीत इंजिनीअर आहेत, चहा स्वतः करून पितात, मला आई म्हणतात. व्यसन म्हणाल तर एकच... फुटबॉल. आणि तोही आपल्याकडचा नाही हो, ऑस्ट्रेलियाचा! ह्यूस्टनला यायच्या आधी तीन वर्षं मेलबर्नला होते, तिथून ही लागण घेऊन आले. इथे आणखी आठ-दहा जण तसलेच भेटले, दोन ऑस्ट्रेलियाचे, बाकी इथलेच गोरे, काळे, एक आपला नागपूरचा, आणि झाली टीम. नाव काय, तर बगळे. अहो, सगळ्या जगात वाघ-सिंह मोकळे पडलेत आणि यांना बगळा सापडला.

खेळ कसा, तर चेंडू लांबट, पिकल्या पपईसारखा. तो हाताने मारतात, पायाने मारतात, झेलायला एकमेकांच्या खांद्यावर चढतात, आणि पंच काही बोलत नाही! मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. उंच खांबांच्या मधून मारला की सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला की एक. आणि उंच खांबाला नुसता घासून गेला तरी एकच. सहा असले की दोन झेंडे हलवायचे, एक असला की एक. हे ठरवायला खांबापाशी एक माणूस उभा असतो. तो माणूस म्हणजे मी.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही तिथे गेलातच कशा? अहो, गेले कुठे, नेलं! इथे गाडी चालवता येत नसली की माणूस म्हणजे सामान. घरातले जिकडे निघाले तिकडे आपण. चालत जावं म्हटलं तर फुटपाथ पुढच्या वळणावर संपतो, आणि बाहेर असला दमट उकाडा की कुकरचं झाकण उघडून आत डोकावल्यासारखं वाटतं. तर त्या दिवशी बाळ, बाळाची खुर्ची, डायपरची पिशवी, चेंडूंची पिशवी आणि मी, अशी आमची वरात मैदानावर गेली, आणि तिथे कळलं की झेंडेवाले बिल आजोबा पाठ धरून घरी झोपलेत. केदारराव पळत आले. "आई, नुसतं उभं राहायचं, झेंडा हलवायचा, दहा मिनिटांत शिकवतो." आणि जावयाला नाही कसं म्हणणार, सांगा मला.

शिकवलं हो त्यांनी. डब्यातली चार केळी उभी धरून खांब केले आणि मधून लिंबू टाकत राहिले. मग मला पांढरा कोट घातला, बिल आजोबांचा, गुडघ्याखाली येणारा. सलवार-कमीजवर तो कोट, डोक्याला टोपी, दोन हातांत दोन झेंडे... कराडच्या आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर स्टेशनावर गाडी सोडायला उभा राहिलाय असंच दिसत होतं. रुपालीने फोटो काढून आमच्या ह्यांना पाठवला. ह्यांचं उत्तर आलं, "पगार किती?"

समोर ऑस्टिनची टीम. शेवटची दोन मिनिटं, आपण तीन गुणांनी मागे, आणि चेंडू कुणाच्या हातात? आमच्या केदाररावांच्या. समोर, मोकळे, शंभर पावलंसुद्धा नाहीत. सगळे बगळे ओरडतायत, रुपाली बाळाला उंच धरून ओरडतेय, बाळ ओरडतंय. मारला. आला सरळ माझ्याकडे. आणि तुम्हाला सांगते, पंचवीस वर्षं ब्लाउजचे टाके बघितलेत मी, पाव इंच सरकलेला टाका मला दारातून दिसतो. तो चेंडू उंच खांबाला घासला. एवढासा. उसवलेला दोरा कापडाला लागावा तेवढाच. पण त्याची चाल बदलली, मला दिसली. आता काय करायचं? डोळे मिटून घ्यायला हवे होते का मी? हात आपोआप वर गेला. एकच झेंडा.

दोन गुणांनी हरले.

परतताना गाडीत तासाभरात केदारराव फक्त एकदाच म्हणाले, "आई, एसी जास्त होतोय का?" त्यापेक्षा ओरडले असते तरी परवडलं असतं.

बरं, एवढ्यावर संपलं का? नाही. कारण आता येत्या शनिवारी सेमीफायनल, आणि समोर कोण, तर पुन्हा ऑस्टिन! आणि तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये यांची बैठक बसतेय. खेळणारे दमून घरी झोपतात, बैठकीला येतात ते यांचे पाठीराखे. एक सुमंत, मूळचा पुण्याचा, आयुष्यात चेंडूला पाय लावला नसेल, पण लॅपटॉप घेऊन बसतो आणि टीमचे चान्सेस काढतो. वारा कुठल्या बाजूने येणार, ऑस्टिनचा तो सहा फूट आठ इंचांचा माणूस कितीदा झेलणार, आपल्या कुणाचा घोटा सुजलाय, सगळ्याचे टक्के. दुसरा गिरीश, नागपूरचा, त्याचा भाऊ टीममध्ये आहे. तो टक्के मानत नाही. तो सोफ्यावर आडवा होतो आणि म्हणतो, "हरतो ना बे आपण, लिहून घे." आणि दोघांनाही कांदेपोहे लागतात. मी पोहे करते, आणि माझ्याच पोह्यांवर लिंबू पिळत हे माझा हिशेब करतात.

मंगळवारी बशी द्यायला वाकले तर त्या लॅपटॉपवर मला एक रकाना दिसला. वारा, उंची, घोटा... आणि शेवटी 'काकू'. खाली लिहिलंय उणे सहा.

मी म्हटलं, अरे सुमंत, मी उणे?

तर म्हणतो कसा, "काकू, पर्सनली घेऊ नका, डेटा आहे."

तेवढ्यात गिरीश सोफ्यावरून उठून बसला. चार आठवड्यांत पहिल्यांदा हा माणूस उठून बसलेला मी बघितला! म्हणाला, उणे कशाचं, काकू अधिक धर. आणि मग त्याने जे काही काढलं ना... म्हणे, मागची मॅच झाली तेव्हा साधा वैशाख होता. आता अधिक महिना लागलाय, धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सासू त्याला वाण देते, तेहतीस अनारसे देते, रिकाम्या हाताने पाठवत नाही. मग या महिन्यात सासू जावयाचा गोल नाकारेल का?

आणि माझ्याकडे वळून म्हणतो, "काकू, अनारसे तळत बसण्यापेक्षा सहा पॉइंट द्या ना यार, काम कमी."

मला वाटलं, सुमंत तरी हसण्यावारी नेईल. शिकलेला मुलगा आहे. कुठलं काय! त्याने गंभीर चेहऱ्याने इंटरनेटवर पंचांग उघडलं, शनिवार अधिक महिन्यातच येतो ना ते बघितलं, आणि उणे सहाचं केलं अधिक तीन. टीमचे चान्सेस एकतीसवरून बेचाळीस! मी हातात झारा घेऊन उभी. म्हणजे वारा काय, घोटा काय, तो सहा फूट आठ इंच काय, सगळं एका बाजूला आणि माझा धर्म एका बाजूला!

बिल आजोबांची पाठ अजून धरलेलीच, तरी मी ठरवलं, सुटायचं. गुडघा दुखतो म्हणाले. बुधवारी गिरीशने गुडघ्याचा पट्टा आणून दिला, वर घडीचं स्टूल. शनिवारी उपास आहे म्हणाले. तर सुमंतची बायको नैना म्हणाली, काकू, काळजीच करू नका, मी साबुदाण्याची खिचडी करून खांबापाशी आणून देते. बाळाला ऊन लागेल म्हणाले, तर बाळासाठी तंबू आला! म्हटलं, कराडला फोन लावावा, नवऱ्याचा तरी आधार. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वारा कुठल्या बाजूने आहे म्हणतात?" जावयांनी व्हिडिओवर ह्यांनाही खेळ शिकवलाय.

शेवटचा उपाय म्हणून मी रुपालीला म्हटलं, अगं, त्या ऑस्टिनवाल्यांना कळव, झेंडे धरणारी बाई खेळाडूची सासू आहे, हे नियमात बसत नाही म्हणावं. तिने कळवलं. त्यांच्या कॅप्टनची मेल आली, रुपालीने हसत हसत वाचून दाखवली. त्याने लिहिलं होतं, आम्हाला माहीत आहे, म्हणूनच त्याच बाई हव्यात, इतका प्रामाणिक माणूस आम्ही या खेळात बघितला नाही. झालं! घरच्यांना मी अधिक महिन्यामुळे हवी, बाहेरच्यांना प्रामाणिक म्हणून हवी. आणि मी मधे, दोन उंच खांबांच्या बरोब्बर मधे.

तुम्हाला हसू येतंय. पण मला विचारा. पोळी लाटताना मला तो चेंडू दिसायचा. पुन्हा तसाच आला, पुन्हा घासला, तर? एक झेंडा वर केला तर नारायण रिकाम्या हाताने घरी येतो, आणि त्या घरात मला अजून दोन महिने काढायचेत, माझ्या लेकीला तर जन्म काढायचाय. दोन झेंडे वर केले तर मी मला तोंड कुठे दाखवू? आणि जावयाला नाही कसं म्हणणार, सांगा मला.

म्हणून काल संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले. केदारराव चेंडूंत हवा भरत होते. म्हटलं, केदारराव, एक विचारायचं होतं. शनिवारी चेंडू पुन्हा खांबाला लागला तर मी काय करू?

त्यांनी पंप खाली ठेवला. "तर एकच झेंडा, आई."

मी म्हटलं, आणि ही मुलं?

त्यांनी चेंडू दाबून बघितला. मग हळूच म्हणाले, "आई, त्या दिवशी लागला होता. मला आवाज आला होता."

चार आठवडे! चार आठवडे मी खाली मान घालून पोहे वाढतेय, त्या लॅपटॉपवर मी उणे सहा आहे, आणि या माणसाला आवाज आला होता! म्हटलं, अहो, मग बोलला का नाहीत?

"समोरून होता, मोकळा होता, आई. मी चुकलो होतो." कान लाल झाले त्यांचे. "पण सगळे तुमच्याबद्दलच बोलत होते. मी चुकलो असं कुणी म्हणालंच नाही. मला... जरा बरं वाटत होतं."

आता या माणसावर रागवायचं कसं? चौतीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा असा की फुटकी पाटी पाठीमागे लपवलीय. म्हटलं, ठीक आहे, निदान त्या मुलांना तरी खरं सांगा. तर म्हणाले, सांगतो ना, शनिवारनंतर नक्की सांगतो, आता सांगितलं तर टीमचा धीर सुटेल. आणि जावयाला नाही कसं म्हणणार... म्हटलंच नाही.

पण मनावरचं ओझं उतरलं हो. मी म्हटलं, मग ऐका. शनिवारी उभी राहते. जे दिसेल ते दाखवीन. हरलात तर हंगाम संपला, कोट धुऊन बिल आजोबांना परत. जिंकलात तर आनंदाने जा डॅलसला फायनल खेळायला, मी घरी बाळाला सांभाळते.

केदाररावांनी पुन्हा पंप उचलला. "आई, हरलो तरी डॅलसच. तिसऱ्या नंबरची मॅच असते. त्याच मैदानावर, त्याच दिवशी." मग पंप मारत म्हणाले, "आणि तिथल्या झेंड्यांसाठी आम्ही आणि ऑस्टिन, दोघांनीही तुमचंच नाव दिलंय."

डॅलस चार तास लांब आहे म्हणे. मी बाळाची खुर्ची आणि चेंडूंची पिशवी यांच्या मधे.

तर तुम्हाला सांगते, सुमंतच्या मते टीमचे चान्सेस बेचाळीस टक्के आहेत, आणि गिरीशच्या मते तेवढेही नाहीत. माझे मात्र शंभर.